जमिनीची सम

गेल्या वैशाखात म्हसावदला मामेभावाच्या मळ्यात मी दीड दिवस एका जागी बसून एक वर्तुळ पाहिलं. वर्तुळ मातीचं, सतरा फूट व्यासाचं. त्यावर पोरांसाठी मागवलेला पोहण्याचा हौद ठेवायचा होता. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात अडकवलेलं जाड निळं प्लॅस्टिक, पंधरा फूट रुंद, चार फुटांना थोडा कमी उंच; खड्डा न खणता जमिनीवरच उभा राहणारा. हौद कारखान्यात तयार झालेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याच्याखालची जमीन मात्र एका म्हाताऱ्या गवंड्याने हाताने केली, आणि हौद भरला की ती कोणालाच दिसणार नव्हती. ज्या क्रमाने ती माझ्यासमोर झाली त्याच क्रमाने ती वाचायची आहे.

म्हसावद म्हटलं की रेल्वेने फिरणाऱ्यांना जळगाव-पाचोरा मार्गावरचं स्टेशन आठवतं. ते निराळं. हे शहादा तालुक्यातलं, शहाद्याहून राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधली सगळी जमीन डोंगराकडून नदीकडे कलत गेलेली. इतकी हळू की चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. पपईच्या सरीत सोडलेल्या पाण्याला मात्र पहिल्या हातभरातच लागतो.

हा कल आदल्या वर्षी भावाला चांगलाच भोवला होता. विहिरीजवळचं अंगण त्याला सपाट वाटलं. झाडून घेतलं, ताडपत्री टाकली, हौद मांडला, मोटर सुरू केली. हौद निम्म्याहून वर भरला तेव्हा पोरांच्या लक्षात आलं की पाणी तिरकं आहे. खरं तर पाणी सरळच होतं, हौद तिरका होता. उत्तरेला काठ पाण्यापासून हातभर वर आणि दक्षिणेला वीतभरच. पोरं त्यातच डुंबली. चौथ्या रात्री ओल्या मातीत दक्षिणेकडचे दोन पाय रुतले, सांगाडा वाकला आणि दहाबारा हजार लिटर पाणी कोंबड्यांच्या खुराड्यातून थेट केळीत गेलं. कोंबड्या वाचल्या. भावाची टिंगल अजून चालू आहे.

हे का होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी कारागिरी याच भीतीवर उभी आहे. पंधरा फुटी हौदात मीटरभर पाणी म्हणजे सोळा हजार लिटरच्या वर, सोळा टनांहून जास्त. उसाने भरलेला ट्रक अंगणात उभा केला असं समजा. पण एवढं वजन सोळा चौरस मीटरवर पसरलेलं असतं. एका चौरस फुटावर त्र्याण्णव किलो, म्हणजे एका फरशीवर एक धष्टपुष्ट माणूस उभा. एवढं कोणतीही घट्ट जमीन सोसते. जमिनीला वजनाचं वावडं नाही, भेदभावाचं आहे. एक बाजू दोन इंच खाली असली की तिथली भिंत दोन इंच जास्त पाणी अडवते, आणि भिंतीवरचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. मीटरला पाच सेंटीमीटर जास्त म्हणजे रेटा दहा टक्क्यांनी जास्त. तो रेटा खालच्या बाजूचे पाय आणखी रुतवतो, पाय रुतले की खोली वाढते, खोली वाढली की रेटा. चूक आपणच आपल्याला खतपाणी घालते. म्हणून जाणकार मंडळी या काठापासून त्या काठापर्यंत इंचाच्या आतच फरक चालवून घेतात.

तर गवंडी आबा आले. सत्तरीचे, कमरेला पंचा, सायकलच्या कॅरिअरला गुंडाळलेली पारदर्शक नळी. आल्यावर त्यांनी कशालाही हात लावला नाही. भावाने दाखवलेल्या जागेभोवती एक फेरी मारली आणि एकच विचारलं, ‘‘पाऊस पडना का पानी कथा जास?’’ पाऊस पडला की पाणी कुठे जातं? भाऊ गप्प. उत्तर भावाच्या बायकोने दिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती अंगण बारा महिने बघते. पाणी आधी चिंचेच्या अंगाला साचतं, मग गोठ्याच्या कडेने वाहतं, म्हणाली. आबांनी मान डोलावली आणि भावाने दाखवलेली जागा सोडून वीस पावलं पलीकडे पायाने रेघ ओढली.

या वाचनातली ही पहिली ओळ, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. जागा निवडली तिथेच निम्मं काम झालं. आपल्या भाषेत गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. भावाने दाखवलेली जागा काळीची, शेताला लागून. काळी माती ओलीत फुगते, उन्हात भेगाळते. वैशाखात तिला सपाट केलं तरी हौदातून उडालेलं पाणी काठाकाठाने मुरणार, तेवढीच माती फुगणार आणि महिन्याभरात काठ उंच, मध्य खोल. आबांनी निवडलेली जागा जुन्या घराच्या पडक्या चौथऱ्याजवळची, पांढरीची, माणसांनी आणि गुरांनी पन्नास वर्षं तुडवलेली. ‘‘इथं निम्मं काम गुरांनीच करून ठेवलंय,’’ ते म्हणाले.

मग खुंटी. वर्तुळाच्या मधोमध लिंबाची खुंटी ठोकली, तिला साडेआठ फुटांची दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला काडी. काडी फिरवत रेघ ओढली आणि रेघेवर चुन्याची फक्की मारली. हौद पंधरा फुटी, वर्तुळ सतरा फुटी. चहूकडे एक फूट जास्त. भावाला ते वाया गेल्यासारखं वाटलं. त्याने विचारलंही. आबा म्हणाले, भाकरी तव्याएवढी करतं का कोणी? मला हा एक फूट समासासारखा वाटला. समास न सोडता काठोकाठ छापलेली कविता वाचताना श्वास घ्यायला जागा राहत नाही, तसंच इथेही. काठावरची माती ढासळली तर ती समासातली ढासळेल, मजकुरातली नाही.

फक्कीच्या आतलं गवत काढताना मी पहिल्यांदा कंटाळलो. हरळी निघाली, पण आबा लव्हाळ्यावर अडले. त्याच्या काळ्या गाठी वीतभर खोल असतात. एकेक गाठ ते खुरप्याच्या टोकाने उकरून घमेल्यात टाकत होते. दोन तास गेले. एवढं कशाला, असं विचारल्यावर त्यांनी एक कोंब माझ्या तळव्यावर टोचून दाखवला. सुईच. अंधारात, दाबाखाली, उबेत हा कोंब वर येतो तो प्लॅस्टिक भोसकूनच. शेतात पसरलेल्या मल्चिंगच्या कागदातून तो कसा आरपार येतो हे पपईवाल्या भावाला माहीत होतं. अंगणात ते आठवलं नव्हतं एवढंच.

आता नळी. पाणसळ हा शब्द मला पुस्तकातून माहीत होता. आबा नुसतं लेव्हल म्हणतात. साधन मात्र तेच जुनं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं वर धरायची. टोकं कितीही लांब असली तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत उभं राहतं. कडेने आठ दिशांना आठ खुंट्या ठोकल्या. एक टोक मधल्या खुंटीच्या खुणेशी मी धरलं, दुसरं घेऊन आबा आठ खुंट्यांवर फिरले आणि प्रत्येकीवर पेन्सिलने रेघ मारत गेले. दरवेळी रेघ मारण्याआधी नळी डोळ्यासमोर धरून टिचक्या मारत होते. एक बारीक बुडबुडा अडकला होता, तो निघेपर्यंत रेघ मारली नाही. मी म्हणालो, पाणी कुठे खोटं बोलतं? हसले. ‘‘पानी खोटं बोलत नही भाऊ, बुडबुडा बोलस.’’

आठ रेघा जोडल्या की हवेत एक सपाट तबक तयार होतं. ते दिसत नाही, पण पुढचं सगळं माप त्या तबकापासून खाली. खुंटीवरच्या रेघेपासून जमीन किती खाली हे टेपने मोजलं. उत्तरेची जमीन दक्षिणेपेक्षा साडेपाच इंच वर निघाली. ज्या जागेला आम्ही सगळे सपाट म्हणत होतो तिच्यात सतरा फुटांत साडेपाच इंच! सातपुडा आमच्या अंगणापर्यंत आलेला होता.

आणि इथे या कामाचा गाभा येतो. साडेपाच इंच घालवायचे कसे? कोणीही म्हणेल, वरचं थोडं कापू, खालचं थोडं भरू, मधोमध गाठ पडेल, मेहनत निम्मी. भावाने तेच सुचवलं. आबांनी नकार दिला तो फार शांतपणे, पण पूर्ण. दक्षिणेकडची सर्वांत खालची खुंटी हाच तळ. तिच्या पातळीला सगळं उतरवायचं. भर घालायची नाही. कितीही धुम्मस मारलं तरी भर घातलेली माती ही भर घातलेलीच असते. तिच्या पोटात हवा असते आणि सोळा टन पाणी ती हवा हळूहळू बाहेर काढतं; कापलेल्या बाजूला ते होत नाही. मग एक अंग बसतं, दुसरं ताठ राहतं. दीडेकशे घमेली माती निघाली. वाहताना आबांसोबतच्या पोराने कुरकुर केली. माझीही कंबर धरली.

जुनी वृत्तबद्ध कविता वाचणाऱ्यांना पादपूरक शब्द माहीत असतात. ओळीत एक मात्रा कमी पडली की कवी एखादा ‘च’ नाहीतर ‘हि’ कोंबतो. ओळ मापात बसते, पण वाचताना पाय तिथेच लचकतो. चांगला कवी ओळ मोडून नव्याने बांधतो. आबांच्या वर्तुळात पादपूरक घमेलं एकही नव्हतं. वाळूच्या बाबतीतही तेच. वाळू आली तेव्हा भावाला वाटलं, आता राहिलेलं उणंदुणं वाळू सांभाळेल. आबांनी ती अंगठ्याच्या पेराएवढीच अंथरली. जाड वाळू पायाखाली सरकते, पाण्याने वाहून जाते. तिचं काम खड्याची टोचणी घालवणं, लेव्हल करणं तिचं काम नाही.

पण वाळूच्या आधी मळणी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. कापून झाल्यावर आबांनी साडेआठ फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी घेतली, एक टोक मधल्या खुंटीला सैल बांधलं आणि दुसरं टोक धरून ते वर्तुळाच्या कडेने गोल चालू लागले. पट्टीच्या पाठीवर बुडबुड्याची छोटी लेव्हल. पट्टी जिथे घासली तिथे उंचवटा, जिथे खाली उजेड दिसला तिथे खळगा. एक फेरी, दोन, पाच. मी पाहत होतो आणि मला आजोळचं खळं आठवत होतं. मधोमध रोवलेली मेढ, मेढीला बांधलेले बैल, त्यांची गोल फिरणारी पात. त्या खळ्याचीही जमीन आधी अशीच सपाट करायचे, भिजवायचे, धोपटायचे, शेणाने सारवायचे, भेगेत दाणा जाऊ नये म्हणून. मळणीयंत्रं आली, खळी गेली. गोल जागा मधल्या एका लाकडाच्या आधाराने सम करायची ही चाल मात्र आबांच्या हातात उरली होती. तुम्ही खळं करायचात का, असं मी विचारलं. ‘‘वडील करायचे. मी पट्टी फिरवतो,’’ एवढंच बोलले.

ही चाल खळ्यापुरतीच नाही. सूर्यसिद्धांतातला दिशा काढण्याचा भाग इथूनच सुरू होतो. पाण्याने तपासून सम केलेल्या शिळेवर किंवा गिलाव्यावर वर्तुळ काढायचं, मधोमध शंकू उभा करायचा, आणि त्याच्या सावलीचं टोक सकाळी व दुपारनंतर वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा करायच्या, त्यांवरून पूर्व-पश्चिम. वर्तुळ, मधली खुंटी, पाण्याची साक्ष, तिन्ही तिथे आहेत. त्या परंपरेतले भास्कराचार्य खानदेशाला परके नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाचा. आबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विडी पेटवली असती, म्हणून सांगितलं नाही.

खानदेशात उतार वाचणारी माणसं आणखीही होती. पांझरेच्या, मोसमच्या काठच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून निघालेलं पाणी मोटेशिवाय, पंपाशिवाय, फक्त कलावर पाटातून शेवटच्या वावरापर्यंत जायचं. काही शतकं ते चाललं, आणि कोणत्या फडाला किती पाणी याचा हिशेब पाटकऱ्याच्या डोक्यात असायचा. त्यांना उतार हवा होता, आबांना तो घालवायचा होता. विद्या एकच. हल्ली ताडपत्रीच्या गोल टाक्यांत मासे वाढवतात, बायोफ्लॉकच्या. तिथेही काठ असाच पाणसळीत लागतो, पण तळ मुद्दाम मध्याकडे उतरता ठेवतात, घाण गोळा होऊन निघावी म्हणून. पोहण्याच्या हौदाला ती सवलत नाही.

संध्याकाळी दोन इंच मुरूम पडला, सगळीकडे सारखा. पाणी शिंपून रात्रभर भिजू दिला. सकाळी धुम्मस. आबांचं धुम्मस मारणं ऐकण्यासारखं होतं, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ते जमिनीकडे बघतच नव्हते. पोकळ जागी आवाज बद्द येतो, घट्ट जागी टणक. बद्द आला की तिथेच पुन्हा, आवाज बदलेपर्यंत. तबला लावणारा हातोडी मारतो आणि थाप ऐकतो तसं. तबला लावताना कोणी वाहवा करत नाही आणि नीट लागला नसेल तर पुढची दोन तासांची मैफल काटे टोचल्यासारखी जाते.

पायांच्या जागी बारा शहाबादी तुकडे मुरुमात बुडवून बसवले, पृष्ठाशी अगदी सपाट. इथेही आबांनी नळी पुन्हा काढली. उत्तरेच्या अंगाने अर्धगोल चर खणला, सातपुड्याकडून येणारं पावसाचं पाणी वळवायला. जून यायला अजून अवकाश होता, पण चर आत्ताच.

मग हौद मांडला, मोटर सुरू झाली. तळावर चार बोटं पाणी आल्याबरोबर आबांनी मोटर बंद करवली. पोरं ओरडली. आबा चार दिशांना चार वेळा वाकले, लाकडी मोजपट्टी पाण्यात उभी धरली. साडेतीन, साडेतीन, सव्वातीन, साडेतीन. पाव इंच. पश्चिमेकडे पाहून त्यांनी एकदा ओठ मुडपले आणि हात हलवून मोटर सुरू करायला सांगितली.

आपल्या भाषेत सम शब्दाला तीन-चार अर्थ आहेत. सारखं ते सम, सपाट ते सम, दोनाने भाग जाणारं ते सम, आणि तालात जिथे सगळे मिळून येऊन पोचतात ती सम. गाणाऱ्याने कितीही ताना घेतल्या तरी समेवर तो नेमका उतरला की मान आपोआप हलते. संध्याकाळी हौद भरला, वारा पडला आणि पाण्याची निळी कड प्लॅस्टिकवर छापलेल्या पट्टीला सगळीकडून एकाच अंतरावर शिवली, तेव्हा माझी मान हलली. घरातल्या बाकी कोणाची हलली नाही. पोरं तोपर्यंत आत होती.

आता दोष. हे काम मला आवडलं म्हणून डोळे मिटणार नाही. मधली खुंटी उपटल्यावर राहिलेलं भोक आबांनी वाळूने बुजवलं. मुरूम भरून धुम्मसाने ठोकायला हवं होतं. पंधरा तासांच्या कामात एवढाच हात घाईने फिरला. ज्या खुंटीने सगळं वर्तुळ सांभाळलं तिचीच जागा कच्ची राहिली. महिनाभराने हौद रिकामा केला तेव्हा तळाच्या मधोमध ओंजळभर पाणी साचून राहिलं होतं. दुसरी तक्रार भावाबद्दल. ज्या तालुक्यात कूपनलिका दरवर्षी आणखी खोल न्याव्या लागतात तिथे सोळा हजार लिटर पाणी पोहायला, हे मला खटकलं आणि मी ते बोललो. त्याने क्लोरीन बंद करून आठ दिवस उन्हात ठेवलेलं ते पाणी पाटाने केळीत सोडलं. या वर्षी खुराड्यातून न जाता.

दोन महिन्यांत आबांनी केलेली जमीन किती बसली, हे बघायला मी मुद्दाम पुन्हा गेलो होतो. हौद काढला होता. शेजारून नळी मागून आणली, एक टोक भावाच्या मुलीला धरायला दिलं. उत्तर-दक्षिण फरक पाव इंच निघाला, पूर्व-पश्चिम अर्धा. पश्चिमेचाच.

आता नंदुरबारकडे मिरचीचा हंगाम आहे, तिथल्या पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरलेत. म्हसावदच्या त्या वर्तुळावर वहिनीने घरापुरती मिरची वाळत घातली आहे, फक्कीच्या जुन्या रेघेपर्यंत, गोल. मधला खळगा तिने शेणाने लिंपून घेतला आहे.